सहाव्या वर्षी आलेली दाढ

ती येते तेव्हा घरात कुणाला पत्ताही नसतो. पुढचे दुधाचे दात हलत असतात, पडत असतात, त्यांचंच कौतुक चाललेलं असतं. ही मात्र शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एकाही दाताला न पाडता वर येते. मुलाचं वय साधारण ६ वर्षं. तिथे काही पडलेलंच नसल्याने आईला वाटतं, दुधाचीच असेल, किडली तरी पडेल आणि नवी येईल. नवी येत नाही. ही पक्की दाढ, जन्मभराची.

भाकरी, फुटाणे, उसाचं कांडं, कडबोळं, सगळं हिच्यावर. अंगावर एनॅमलचं कवच, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण माथ्यावर खोल खाचा. त्या खाचांत बिस्किटाचा चिकटा बसतो, तेव्हा ब्रश धरणारा हात पहिलीतल्या पोराचा असतो. कीड हिला लवकर गाठते ती त्यामुळेच.

ठणकण्याआधी ती इशारे देते. थंड पाण्याने क्षणभर सणक येते. एवढ्यात दाखवलं तर बहुधा साध्या फिलिंगवर भागतं. पुढे सणक रेंगाळते, गरम चहा सोसवत नाही, रात्री आडवं झालं की कळ कानापर्यंत जाते. घरात लवंगेचं तेल शोधलं जातं. आणि एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. माणूस सुटलो म्हणतो, पण आतली नस मेलेली असते आणि जंतूंची वाट मुळाच्या टोकाकडे मोकळी झालेली असते. पुढे चावताना दुखतं, गालफड सुजतं.

मग डॉक्टर विचारतात, रूट कॅनाल करायचं की काढायची? आपल्याकडे याचं उत्तर बहुतेकदा खिसा देतो. काढणं स्वस्त, एका बैठकीत मोकळं. पण खर्च तिथे संपत नाही. शेजारची दाढ रिकाम्या जागेत झुकते, समोरची लांबत जाते, तिथलं हाड झिजतं. ब्रिज बसवायचा तर दोन्ही बाजूंचे दात, अगदी धडधाकट असले तरी, घासावे लागतात.

निर्णय ठणक्याच्या तीव्रतेवर घेऊ नये. हिरडीच्या वर दाढेचं किती अंग शाबूत आहे आणि मूळ अखंड आहे का, हे विचारावं. मूळ उभं चिरलं असेल, कीड हिरडीखाली खोल उतरली असेल, हाड झिजून दाढ डुगडुगत असेल, तर ती काढावी आणि मनाला लावून घेऊ नये. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही मनातून काढून टाकावी. तसं काही होत नाही.

बाकी वेळी तिला वाचवावं, असं मी कळकळीने सांगेन. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या. वरचीला तीन मुळं, आणि चौथी बारीक नळी अनेकदा लपलेली. एकही नळी राहून गेली तर दुखणं परत येऊ शकतं. म्हणून बारीक फाइल्सनी, औषधाने धूत, एक्स-रे पाहत त्या साफ करायच्या आणि गटापर्चा या झाडाच्या चिकाने भरायच्या. कितीतरी लोक इथेच थांबतात. दुखत नाही ना, मग कॅप कशाला? पोखरलेली दाढ कॅपवाचून चावण्याच्या जोराने दुभंगू शकते, आणि मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही.

नस गेली तरी तिची जाण संपत नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो, त्यातल्या नसा दाब ओळखतात. रूट कॅनाल त्यांना हात लावत नाही. त्यामुळे भातात खडा आला तर हीच दाढ जबड्याला जागच्या जागी थांबवते. काढलेल्या दाढेच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटचा स्क्रू हाडात घट्ट बसतो, चावतोही चांगला, पण त्याच्याभोवती हा पदर नसतो.