वरवट बकालचे पाणी आणि गाडीची बॅटरी

शेगावहून सातपुड्याच्या रोखाने निघून पूर्णा ओलांडली की संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल येते. हा खारपाणपट्टा. जोहरच्या वजूला बोअरचे पाणी घेतले की चूळ भरतानाच खारटपणा कळतो. वजूला ते चालते, गाडीच्या बॅटरीला नाही. क्षारांनी आतल्या प्लेटा खराब होतात. म्हणून ईदला इकडे येताना डिकीत डिस्टिल्ड वॉटरची बाटली आम्ही ठेवतोच. रेडिएटरलाही कूलंटच बरे.

मोठी माणसे दस्तरखानावर असली की मुले इंजिन बंद ठेवून गाडीत पंखा, दिवे, चार्जर लावून बसतात. मग निघताना स्टार्टर नुसता टकटकतो. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टवर १२० ते १८० वॉट. टायरात हवा भरायचा छोटा पंप त्यावर चालेल, इन्व्हर्टर लावून इस्त्री नव्हे! फ्यूज उडालाच तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. एखादा मिस्त्री तांब्याची तार गुंडाळून देतो. आम्ही सरळ नको म्हणतो. ती तार वेळेवर वितळत नाही, वायरिंग पेटते, आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात.