हातडल

दांडिया बाजारातल्या सायकलवाल्या काकांनी माझी हँडसायकल पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते बराच वेळ तिच्याभोवती फिरत राहिले. मी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, जवळजवळ आडवी. पाय पुढच्या आधारांवर पट्ट्यांनी बांधलेले. चेन, गिअर, सगळं छातीच्या समोर. शेवटी मुठींवर बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, याला पायडल कसं म्हणायचं? हे तर हातडल!"

मी भाषांतरावर पोट भरते. असा शब्द मला महिनाभर शोधूनही सापडत नाही. मूळ 'पेडल'मध्ये लॅटिनमधला पाय आहेच. मराठी कानाने तो ओळखला आणि 'पायडल' केलं. काकांनी त्यातला पाय काढून हात बसवला. मला हीच अदलाबदल करायला अकरा वर्षं लागली होती.

एकतिसाव्या वर्षी स्कूटरच्या अपघातात छातीच्या पातळीवर मणका दुखावला. व्हीलचेअर घेतली, पण तीनचाकीचं नाव कुणी काढलं की मी चिडायचे. तीनचाकी म्हणजे देवळाबाहेरची, स्टेशनबाहेरची, शिबिरात फोटो काढून वाटलेली. मग अलेस्सांद्रो झानार्दीचा फोटो पाहिला. २००१ मध्ये मोटारशर्यतीत दोन्ही पाय गमावलेल्या या माणसाने २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये हँडसायकलवर दोन सुवर्णपदकं मिळवली. फोटोत तो रस्त्यावर बसलाय आणि एका हाताने सायकल डोक्यावर उचलून धरलीय. तिलाही चाकं तीनच होती. ती मी तेव्हा मोजली नाहीत.

हातडलं पायडलांसारखी आळीपाळीने फिरत नाहीत. दोन्ही बरोबर पुढे जातात, बरोबर मागे येतात. वळवायचंही त्याच हातांनी असतं ना, एकेक हात जोर लावू लागला तर चाक डोलत राहील. ढकलणं आणि ओढणं यांच्या मध्ये एक पोकळ क्षण येतो. तिथे जोर लागत नाही. तो क्षण न अडखळता ओलांडणं म्हणजे पहिल्या वर्षाचा सगळा सराव.

इंजिन हात, हँडल हात, ब्रेकही हातच. त्यामुळे नाकावर माशी बसली तर बसली. आजव्याच्या रस्त्यावर सकाळी फिरणारे काही आजोबा नमस्कार करतात; मी मान हलवते. रिक्षाचा धूर थेट तोंडावर येतो, कुत्र्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत असतात. ट्रकवाल्याला मी दिसावी म्हणून मागे उंच काठीला केशरी झेंडा लावलाय. लांबून मिरवणूक वाटत असेल. पुलाच्या चढावर पुढचं चाक जागीच फिरतं, कारण जोर त्याच्यावर आणि वजन मागे. इजेच्या खाली मला घाम येत नाही. म्हणून उन्हाळ्यात साडेसहाच्या आत घरी, आणि जवळ पाण्याची फवाऱ्याची बाटली.

दुसऱ्या वर्षी उजवा खांदा गेला. गेला म्हणजे एका सकाळी पलंगावरून खुर्चीत जाताना त्याने माझं वजन घेतलं नाही. पाच आठवडे आईने मला उचललं. ती बाहत्तर वर्षांची आहे. फिजिओथेरपिस्ट शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचे खांदे नाहीत, पाय आहेत. हे कशावर खर्च करायचे, ते तुम्ही ठरवा."

मराठीत 'हातावर पोट' असलेली माणसं असतात. माझे हातावर पायसुद्धा आहेत, हे मी विसरले होते. सायकल विकायची, असं मी दोनदा ठरवलं. मग लक्षात आलं, की वेग वाढवायच्या हट्टापायी मी जड गिअरमध्ये खेचत होते. आता हलका गिअर, भराभर फेरे, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, आठवड्यात तीन दिवस पूर्ण विश्रांती. सराव म्हणजे अधिक करणं, असं मला वाटायचं. आता त्यातला निम्मा भाग थांबण्याचा आहे. तरी प्रत्येक फेरीत खांदा काही बोलतोय का, हे ऐकत असते. धोका संपलेला नाही. तो पत्करून निघायचं की नाही, हे रोज पहाटे ठरतं.

गेल्या हिवाळ्यात चौकात एक तीनचाकी शेजारी येऊन थांबली. सरकारी निळी, एका हाताने फिरवायची. मागे पापडांची पोती. चालवणारे काका साठीचे असतील. त्यांनी गुजरातीत विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही. जाऊन परत येते."

"किती?"

"वीस किलोमीटर."

"मीही तेवढंच करतो," ते म्हणाले. "रोज."

मी गप्प बसले. खांद्याचं विचारावंसं वाटलं. धीर झाला नाही. त्यांनी वाकून माझी सायकल निरखली, चेन पाहिली, दोन्ही हातडलांवरून हात फिरवला. पसंत पडली असावी. मग मागे पाहून विचारलं, "पण सामान कुठे ठेवता?"

सिग्नल सुटला. ते माझ्या आधी निघाले.