आधी उत्तर, मग प्रोग्रॅम

परवा मावशीचा फोन आला होता. बोलता बोलता नेहमीचा प्रश्न आलाच, "तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय रे?" दरवेळी मी "कॉम्प्युटरचं" म्हणून सुटका करून घेतो. यावेळी म्हटलं, लिहूनच काढू. तेव्हा मावशी, हे तुझ्यासाठी. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी जरा सांभाळून घ्यावं.

आमची पुण्यातली छोटी कंपनी पतसंस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिते. ठेवी, कर्जं, व्याज. मी यात वीस वर्षं आहे. त्यामुळे व्याजाचा हिशेब मला झोपेतही जमतो अशी माझी समजूत होती. २०२३ च्या उन्हाळ्यात ती उतरली.

झालं असं... या पतसंस्थेत मुदत ठेव मुदतीआधी मोडली की ती जितका काळ राहिली त्या काळाचा दर लागतो आणि त्यातून १ टक्का कापतात. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त द्यायचा, असा बदल मी केला. पण चुकीच्या जागी. ठेवीदार ज्येष्ठ असला की प्रोग्रॅम वाढीव दर घेऊन तिथूनच बाहेर पडायचा, कपातीच्या ओळीपर्यंत पोचायचाच नाही. ५०,००० रुपयांची ठेव वर्षाने मोडली आणि वर्षाचा दर ७ टक्के असला, तर साडेसातातून एक वजा, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी ३,२५० रुपये व्याज व्हायला हवं. आमचा प्रोग्रॅम ३,७५० देत होता. मी पाठवण्याआधी तपासलं नव्हतं असं नाही हं! एक ठेव मोडून पाहिली होती. फक्त ती ज्येष्ठ नागरिकाची नव्हती.

सातारा जिल्ह्यातल्या त्या पतसंस्थेत हे दीड महिन्याने उघडकीला आलं. मी तिथे गेलो तेव्हा कळलं की काउंटरवरच्या ताईंना लेखी मेमो मिळालाय. कॉम्प्युटर चुकत नाही, म्हणजे तुम्हीच काहीतरी चुकीचं भरलंत, असा एकूण सूर. चूक माझी आणि मेमो त्यांना. मी चूक कबूल केली, मेमो मागे घेतला गेला. पण मधले आठ दिवस त्या बाईंनी घरी काय सांगितलं असेल, हा विचार काही जाईना.

निघताना ताईंनी एक वही दाखवली. अडनिड्या ठेवींचं व्याज त्या हातानं काढून ठेवतात, जुनी सवय. म्हणाल्या, "पहिल्याच आठवड्यात शंका आली होती सर, पण कॉम्प्युटरपुढे माझी वही कोण बघणार?"

मी त्या वहीची झेरॉक्स घेऊन पुण्याला आलो.

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी ती चाळून म्हणाली, "सर, या तर तयार टेस्ट आहेत." आधी टेस्ट लिहायची, ती नापास होताना बघायची, मग पास होण्यापुरता प्रोग्रॅम लिहायचा आणि शेवटी तो नीटनेटका करायचा, ही पद्धत मला ऐकून माहीत होती. केंट बेकचं त्यावरचं पुस्तक २००२ साली आलं. त्याने आणि एरिक गॅमाने १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट लिहायला घेतलं, हा किस्साही मी चारचौघांत सांगायचो. वापरलं मात्र कधीच नव्हतं. बेक म्हणतो की ही कल्पना त्याची नाहीच, त्याने ती पुन्हा शोधली. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचं, मग तसं येईपर्यंत प्रोग्रॅम करायचा, असं एका जुन्या पुस्तकात त्याने वाचलं होतं. म्हणजे ताईंची वहीच की!

मग काय, नव्या मुसलमानासारखं नाही पण नव्या डाएटसारखं केलं. सोमवारपासून सगळ्यांनी सगळ्याला आधी टेस्ट लिहायची! दोन आठवड्यांत बारगळलं. जुना प्रोग्रॅम असा गुंतलेला की व्याजाची एक ओळ तपासायला अख्खा डेटाबेस उभा करावा लागे. लोक वैतागले. मीही गुपचूप टेस्टशिवाय काम उरकू लागलो.

मग एकच नियम ठेवला. तक्रार आली की आधी ती चूक दाखवणारी टेस्ट, मगच दुरुस्ती. बस्स. पहिली टेस्ट अर्थातच ३,२५० ची. काही महिन्यांनी दुसरा नियम आला: जुन्या भागाला हात लावण्याआधी तो आत्ता जे उत्तर देतो, बरोबर असो वा चूक, ते टेस्टमध्ये नोंदवून ठेवायचं. ही युक्ती मायकेल फेदर्सच्या २००४ च्या पुस्तकातली. ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड, अशी त्याची व्याख्या आहे. वाचून जरा लागलंच! नवीन काम टेस्टपासून सुरू करायची सवय सगळ्यात शेवटी लागली, आणि ती कुणी सांगून नाही. टेस्ट असलेल्या भागात हात घालताना पोटात गोळा येत नाही, हे प्रत्येकाला आपापलं कळलं.

अजून निम्म्याहून जास्त प्रोग्रॅम उघडाच आहे. आणि टेस्टमधलं उत्तरच चुकीचं लिहिलं तर टेस्ट तरी काय करणार? म्हणून उत्तरं आम्ही काढत नाही, काउंटरवरच्या माणसांकडून घेतो.

गेल्या एप्रिलमध्ये एकाने दरांचा तक्ता बदलला आणि पाच मिनिटांत तीन टेस्ट लाल झाल्या. त्यातली एक ३,२५० ची. गावापर्यंत काही पोचलं नाही. मी कौतुकाने ताईंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बरं झालं सर. पण मी वही बंद केलेली नाही हं."

नकाच करू ताई.