हवाई अंतर

हवाई अंतर स्वभावाने सरळ आणि तितकंच एककल्ली. साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालं तर त्याला खंबाटकी घाट लागत नाही, पुण्याची कोंडी लागत नाही. रस्त्याने अडीचशे किलोमीटरची वाट ते जेमतेम दोनशेत संपवतं. सांगलीची पावणेचारशेची मजल तीनशेवर आणतं. पेठ नाक्यावर थांबून चहा घेणं त्याच्या रक्तातच नाही.

पण कागदावर त्याला ओळखायला माणूस चुकतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोची सर्वांत जवळची वाट नकाशावर आडवी शोधली तर सापडत नाही. ती थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली की लगेच पटतं.

वेळेशी त्याचं नातं मात्र विलक्षण आहे. दोघं एका घरचे असूनही एकमेकांचं ऐकतीलच असं नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं आणि तरी प्रवास दोनेक तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी मिळाला, एवढंच कारण. मुंबईहून लंडनला जाताना तोच वारा समोरून येतो, म्हणून जायला जास्त वेळ लागतो आणि यायला कमी. अंतर दोन्ही वेळा तेच, ७,२०० किलोमीटरच्या आसपास.

हे सगळं मला फार आवडतं. पण आमच्या भागात हे अंतर अर्धीच हकीकत सांगतं. मुंबई–दुबई एकोणीसशे किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. दुबईतल्या लेकाकडे निघालेल्या सांगलीच्या आईचे त्याआधी रस्त्यावर आठ तास जातात, शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. रात्रीचं विमान असलं तर ती सकाळीच घर सोडते, डब्यात दशम्या घेऊन. तिकिटावर यातला एकही तास छापलेला नसतो. "किती तासांचा प्रवास गं?" असं शेजारणीने विचारलं तर तिने कुठला आकडा सांगायचा?

धावपट्ट्या आमच्याकडेही आहेत. कराडजवळ वारुंजीला एक, सांगली–तासगाव रस्त्यावर कवलापूरला दुसरी. दोघींमध्ये हवाई अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. छोट्या विमानाला वीसेक मिनिटं पुरतील. कराडला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उतरत आली, प्रवासी विमान नाही. कवलापूरची धावपट्टी वापराविना पडून आहे आणि सांगलीकर विमानतळाची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. कराडची पट्टी वाढवायची तर कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरची बागायती जमीन जाते, आणि शेतकऱ्यांनी तिथे विरोध केला तो मला रास्त वाटतो. तसली काळी जमीन पुन्हा विकत मिळत नाही.

त्यापेक्षा कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ बघा. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, आणि तिथून मुंबई हवेतून तासाभराची. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या परदेशी विमानांच्या वेळा समोर ठेवून कोल्हापूरच्या उड्डाणाची वेळ ठरली, तर त्या आईला दुपारचं जेवण उरकून घरातून निघता येईल.