लूक कुठे देऊ?

सेटवर नट कॅमेरा ऑपरेटरला सतत एक प्रश्न विचारत असतो: लूक कुठे देऊ? समोरचं पात्र फ्रेमबाहेर असेल, तर आम्ही लेन्सच्या कडेला, मॅट बॉक्सवर टेपचा तुकडा लावतो. नजर त्या टेपवर हवी. ती जराशी आत सरकली की थेट काचेत शिरते आणि अंधारात बसलेल्या माणसाला कळतं, आपल्याला कोणीतरी पाहिलं. ती नजर काचेपासून लांब ठेवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. आयर्लंडमध्ये हे काम करायला लागल्यापासून मात्र, मुद्दाम काचेत टाकलेल्या नजरेने मला जास्त ओढलं आहे.

पडद्यावरचं पात्र आपल्या जगात येतं, असं म्हटलं की वूडी ॲलनचा ‘द पर्पल रोझ ऑफ कैरो’ (१९८५) हमखास आठवतो. टॉम बॅक्स्टर पडद्यातून खाली उतरतो. त्याच्या खिशातले पैसे खोटे निघतात. चुंबन झालं तरी दृश्य काळोखात विरत नाही, याचं त्याला नवल वाटतं. फार लोभस आणि फार दुःखी चित्रपट. पण पात्राने पाऊल बाहेर टाकायलाच हवं असं नाही. त्याने नुसतं पाहिलं तरी पुरतं.

डब्लिनच्या फॉक्सरॉकमध्ये जन्मलेल्या सॅम्युएल बेकेटने हे ओळखलं होतं. १९६४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला तो ‘फिल्म’ नावाच्या छोट्या चित्रपटासाठी. दिग्दर्शक ॲलन श्नायडर, छायाचित्रण बोरिस कॉफमनचं, आणि कॅमेऱ्यासमोर म्हातारा बस्टर कीटन. हाच कीटन १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये स्वप्नात चालत थेट पडद्यात शिरला होता. चाळीस वर्षांनी बेकेटने त्याला कॅमेऱ्यापासून पळायला लावलं. कीटन भिंतीला खेटून धावतो, कॅमेरा पाठीवर. कॅमेरा पंचेचाळीस अंशांच्या आत मागेच राहिला, तर कीटनला आपण दिसतोय याची वेदना होत नाही, असा नियम बेकेटने पटकथेतच घालून दिला होता. वाटेत एक जोडपं लेन्सकडे बघतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भय पसरतं. मुळाशी किल्केनीत जन्मलेल्या जॉर्ज बर्कली या तत्त्वज्ञाचा विचार आहे: कोणी पाहतं म्हणूनच आपण असतो. ऑपरेटरच्या अंगावर हा चित्रपट येतो, कारण इथे कॅमेरा हेच पात्र आहे.

तरीही मी पुन्हा पुन्हा पाहते तो सेबास्तियन लेलिओचा ‘द वंडर’ (२०२२). मूळ कादंबरी डब्लिनच्या एमा डोनाह्यूची, छायाचित्रण आरी वेगनरचं. काळ १८६२चा, पण पहिल्या शॉटमध्ये दिसतो आजचा स्टुडिओ: उघडी गोदामवजा जागा, सेटला मागून दिलेले टेकू. एक बाई सांगते, हा चित्रपट आहे, यातली माणसं आपापल्या कथेवर मनापासून विश्वास ठेवतात, तुम्हीही ठेवा. कॅमेरा हळूच वळून जहाजाच्या सेटमध्ये शिरतो आणि टेकू विसरायला मला क्षणही लागत नाही.

लिब राइट ही इंग्रज परिचारिका एका आयरिश खेड्यात आली आहे. ॲना ही लहान मुलगी कित्येक महिने अन्नाशिवाय जगते, असं गावाचं म्हणणं. लिबने आणि एका ननने आळीपाळीने तिच्यावर दोन आठवडे पहारा द्यायचा. उपचार नाही, भरवणं नाही, फक्त पाहायचं. या देशात १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली आणि आणखी तितकीच देश सोडून गेली. त्याची आठवण ताजी असताना एक पोर उपाशी आहे आणि मोठी माणसं ते चमत्कार म्हणून बघताहेत. मध्येच घरातली किटी, नीव अल्गरने साकारलेली, मान वळवून लेन्समध्ये पाहते. सुरुवातीला बोलणारी बाई हीच. त्या नजरेने माझ्या पोटात गोळा येतो. पहाऱ्यावर मीही आहे, आणि मीही फक्त पाहते आहे. ही कारागिरीची करामत म्हणून सोडून देणाऱ्या समीक्षकांशी माझं जमत नाही. हा शॉट काढला तर चित्रपटाचा कणा जातो.

आपल्याकडे असं थेट बोलणं जुनंच आहे. आपला सूत्रधार, तमाशातला सोंगाड्या, ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत, सगळे प्रेक्षकाशी बोलतात. फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (१९१७) तर राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक हात जोडत. अण्णा साळुंके त्यात रामही होते आणि सीताही. भक्तीच्या ते आड आलं नाही.

फरक इतकाच, की सोंगाड्याला समोर माणसं दिसतात. आमच्या नटाला काळी काच दिसते, फार तर तिच्यात स्वतःचं पुसट प्रतिबिंब. काचेमागे कोणी आहे हा भरवसा त्याला सेटवर मीच द्यायचा असतो. म्हणून नटीचा असा शॉट असला की मी मॉनिटर सोडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावते, आणि आधी दिग्दर्शकाला विचारते, ती कोणाकडे बघते आहे? ‘प्रेक्षकांकडे’ हे उत्तर मला पुरत नाही. ती साक्षीदाराकडे बघते, गुन्हेगाराकडे, की मदत करू शकेल अशा कोणाकडे? लेन्स तिच्या डोळ्यांच्या किंचित वर लावली तर ती विनवते, किंचित खाली लावली तर जाब विचारते, आणि अगदी समोर लावली तर तिला आपल्याशी बरोबरीने बोलायचं असतं. उत्तर मिळाल्याशिवाय मी कॅमेऱ्याची उंची ठरवत नाही.