मिरजवाल्यांचा बेस

आमच्या अब्बांना मोबाइलवरचा खेळ मुळीच खपत नाही. 'वेळेचा नास' हे त्यांचे ठरलेले शब्द. त्यांचं चुकतं असं आम्ही भावंडं कधी म्हणालो नाही, फक्त आवाज बंद करून खेळत राहिलो. पण 2020 च्या रमजानमध्ये इफ्तारनंतर अब्बा स्वतःच विचारू लागले, "आज तो खेळला का?"

तो म्हणजे भाईजान. दुबईत हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद, पगार बंद, एका खोलीत सहाजण. फोनवर 'सब खैरियत' एवढंच बोलायचा. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये मात्र रोज यायचा. तो ऑनलाइन दिसला की अम्मींना सांगायचं, हे आमचं काम.

या खेळात एका क्लॅनमध्ये 50 जण मावतात. एकमेकांना सैन्य द्यायचं आणि मिळून दुसऱ्या क्लॅनशी लढायचं. दर महिन्याच्या सुरुवातीला लीग असते: आठ क्लॅनचा गट, सात लढाया, प्रत्येक लढाईत एका खेळाडूला एकच हल्ला. हल्ला तीन मिनिटांचा, जास्तीत जास्त तीन स्टार. चुकला तर दुसरी संधी नाही. लीग संपली की बोनस मेडल मोजक्यांनाच मिळतात, आणि ती कुणाला द्यायची हे लीडर ठरवतो. आमच्यात भांडण लागलं ते इथेच. 2019 मध्ये बाराजण रागावून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा क्लॅन काढला. त्यांचे लीडर मिरजेत गॅरेज चालवणारे, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे. आम्ही त्यांना 'मिरजवाले' म्हणायचो, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

डिसेंबर 2019 मध्ये टाऊन हॉलची तेरावी पातळी आली आणि वरच्या लीगमधल्या आम्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. तिथवर पोचायला आणि पोचल्यावर हिरो वाढवायला महिने लागतात. मे महिन्याच्या लीगला आमच्याकडे तेराचे आठ होते, त्यांच्याकडे सात. लढायला पंधरा लागतात. शेवटी मिरजवाल्यांनीच निरोप धाडला आणि सातजणांना घेऊन ते आमच्यात आले. फक्त लीगपुरते, असं दोन्हीकडून दोनदा बजावून.

आमच्या आठांतला एक भाईजान. तेराला घाईने गेलेला, हिरो कच्चे. तिसऱ्या दिवशी त्याला एकच स्टार मिळाला आणि एका स्टारनेच आम्ही हरलो. चॅटमध्ये कुणी काही बोलायच्या आत आम्हीच लिहिलं, "त्याला बसवा. बाराचा कुणी घ्या." सख्ख्या भावाबद्दल. पाहुण्यांपुढे आपली लाज राहावी म्हणून.

भाईजानने ते वाचलं असणारच. त्या रात्री तो काही बोलला नाही.

उत्तर मिरजवाल्यांचं आलं: "थांबा. आधी त्याला माझ्यावर हल्ला करू द्या."

क्लॅनमधला माणूस आपला बेस फ्रेंडली चॅलेंजसाठी खुला करू शकतो. त्यात कुणाचं काही खर्च होत नाही, सराव तेवढा होतो. पण मिरजवाल्यांनी आपला खरा, लढाईतला बेस खुला केला. तो फोडायचा कसा, यावर आम्ही वर्षभर डोकं खाजवत होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा समोरासमोर येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं का? तरी सहरीपर्यंत भाईजान हल्ले करत राहिला आणि ते लिहीत राहिले: राणी डावीकडून सोड, हीलर मागे ठेव, घाई करू नकोस. आम्ही गुपचूप पाहत होतो. खरं सांगायचं तर भाऊ काय शिकतोय यापेक्षा त्या बेसची कोणती भिंत कच्ची आहे, हेच जास्त पाहत होतो.

चौथ्या दिवशी भाईजान खेळला. दोन स्टार. लीगमध्ये आम्ही तिसरे आलो. मिरजवाले ठरल्याप्रमाणे निघून गेले. जाताना बोनस मेडल त्यांनी मागितली नाहीत, आम्हीही देऊ केली नाहीत.

ऑगस्टमध्ये भाईजान परतला. त्याचे विलगीकरणाचे दिवस संपल्यावर दोन्ही क्लॅनची फ्रेंडली वॉर ठरली. मिरजवाल्यांनी बेस बदललाच नव्हता. भाईजान आमच्याशेजारी पाटीवर भजी घेऊन बसला होता. त्याने तो बेस पाहिला आणि हल्ल्यासाठी खालचा, अनोळखी क्रमांक निवडला.

मिरजवाल्यांवर हल्ला आम्ही केला. राणी डावीकडून सोडली. तीन स्टार आले. भाईजानने भज्यांची पाटी आमच्याकडे सरकवली आणि तो नमाजसाठी उठला.