दारातला ऐन

गेल्या महिन्यात सराफ्यात एका दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. तेजाबाचा वास घशाला झोंबत होता. पावतीवर 'अशर्फी १ नग' असं लिहिलेलं होतं आणि मुशीत पिवळा रस हलत होता. मुलीच्या प्रवेशासाठी कुणी बाईंनी मोडली होती. त्यांचं काही चुकलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडेही एक होती. लक्ष्मीपूजनाला आजी ती तबकात ठेवायची. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत 'ऐन', सातव्या निजामाच्या, उस्मान अलीच्या नावाचं पहिलं अक्षर. मला उर्दू कुठलं यायला! मला ती दारात वाकून उभी राहिलेली म्हातारी वाटायची. आजी म्हणायची, "तुझीच वाट बघतीय रे ती."

निजामाच्या संस्थानात रोजचा व्यवहार हाली सिक्क्याचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, इंग्रजी रुपये. अशर्फी बाजारहाटाची नव्हेच. साधारण अकरा ग्रॅमचं ते सोनं नजराण्याला, आहेराला, अडीनडीला. १९४८ साली संस्थान गेलं, हाली मात्र १९५९ पर्यंत चालला.

आमची अशर्फी १९७२ च्या दुष्काळात गेली. तिला लावलेल्या कडीच्या डाकाची तूट धरून सराफाने वजन कमी लावलं, आणि आजी एक शब्द बोलली नाही. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढे नाणी जमवू लागलो ते त्या दारासाठी. चांदीच्या हाली रुपयावरही तीच कमान, तोच ऐन. चांदी मिळते, तांबं तर ओंजळीने मिळतं. महाराजांची तांब्याची शिवराई किती घरांत निघते, आणि सोन्याचा होन बघायला मिळणंही भाग्याचं. सोनं कधी मरत नाही, म्हणूनच सोन्याचं नाणं मरतं. त्याला दरवेळी नवा जन्म घ्यावा लागतो.

आमच्या याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मोगलांची टांकसाळ होती. इथल्या नाण्यांवर शहराचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असंही येतं. औरंगजेबाच्या नाण्यांवरच्या ओळीत मोहरेला सूर्याची उपमा, रुपयाला पुनवेच्या चंद्राची. माझ्याकडे चंद्र आहे. सूर्य मी फक्त छायाचित्रांत पाहिला.

म्हणून सराफ्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला हल्ली एकच विनंती करतो. मोडायला आलेलं नाणं खुशाल मोडा, गरज मोठी असते. पण मुशीत टाकण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा, ते कुठल्या गावाहून आलं ते विचारा. दोघांनी वही घातली आहे. तिसरा म्हणाला, "काका, गिऱ्हाईक खोळंबतं." त्याच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.